न जळणारी गोधडी

२ डिसेंबर २०२४
पोहोचले एकदाची गोंदियाजवळच्या गोरेगावात. चोरखमाऱ्याहून येताना एसटीत खिडकीजवळची जागासुद्धा मिळाली. पोरीचा पायगुण म्हणायचा, दुसरं काय! माझा धाकटा भाऊ कुशल, त्याला लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगी झाली. आज ती दहा दिवसांची आहे. मला स्वतःचं लेकरू नाही, पण आत्या झाले, आणि आत्याचा मान काही लहान नाही. सव्वा महिन्याने बारसं, तेव्हा तिच्या कानात नाव मीच सांगणार. नाव ठरलंय, पण वहीलासुद्धा सांगणार नाही. अंगणवाडीत तीस वर्षं रजिस्टरं भरली, आता चार ओळी लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

कुशलने नुकतंच भाड्याने घेतलेलं हे घर म्हणजे बंद पडलेल्या एका राईस मिलच्या मॅनेजरचा बंगला. मोठ्या खिडक्या, परसात सीताफळाचं झाड. बाळंतिणीच्या खोलीत मात्र सिमेंटवर तपकिरी चौकड्यांचं, प्लास्टिकसारखं जाड काहीतरी चिकटवलंय. घरमालक ईश्वरदासजी छाती फुगवून सांगत होते, की साहेबाने चाळीस वर्षांपूर्वी टाकलं, अजून जसंच्या तसं हाये. जसंच्या तसं कसलं, कोपरे उखडलेत. मला ते मुळीच आवडलं नाही. जमीन कशी, पायाला गार लागली पाहिजे.

४ डिसेंबर
थंडी मी म्हणते आहे. भूमिकाच्या बाजेखाली शेगडी ठेवते. माझी ही भावजय बी.एस्सी. झालेली, पण कुरकुर न करता शेक घेते, गुणाची आहे. आज निखारा उडाला आणि बाजेची नवार करपली. वर पोरगी निजलेली! माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

दुपारी कुशलने तो उखडलेला कोपरा ओढला, तर अर्ध्या खोलीतलं निघून आलं. खाली राखाडी-पांढरा थर होता, टीपकागदासारखा मऊ. मी उलथन्याने खरवडला, झाडूने गोळा केला. एक तुकडा शेगडीत पडला आणि जळेचना! चिमट्याने काढून पाहिला, तर काळासुद्धा पडला नव्हता.

५ डिसेंबर
आमचं डोकं कधी कधी बरं चालतं. तो मऊ थर हातानेच पिंजला, जुन्या लुगड्याच्या दोन पदरांत भरला आणि गोधडी शिवली. ती बाजेवर, तिच्यावर मायलेकी. आता खालून निखारा उडाला तरी भीती नाही. कुशल म्हणाला, बाई कचऱ्यातूनसुद्धा सोनं काढते. म्हणणारच, गावात गोधडी शिवावी तर या चंदाबाईनेच. पोरगी अशी शांत निजली की बास. मी बाजूला बसून कितीतरी वेळ थोपटत होते.

९ डिसेंबर
रोज सकाळी गोधडी खिडकीत झटकते. नाहीतर ती चेपून बसते. झटकली की उन्हाच्या तिरिपेत बारीक तंतू तरंगतात, बघायला मजा येते. पोरगी शिंकली की मी म्हणते, शंभर वर्षं जग.

१६ डिसेंबर
नवी फरशी बसवायची म्हणून भुपेंद्र मिस्त्री माप घ्यायला आला. दुबईत जुन्या इमारती पाडायच्या कामावर सहा वर्षं होता म्हणे. खोलीच्या उंबऱ्यातच थबकला आणि दुपट्टा नाकाला लावला. मी झाडत होते. म्हणाला, "बाई, झाडू ठेवा खाली. कायले झाडून राहिल्या?"

त्याने आधी भूमिकाला आणि पोरीला बाहेर काढलं. म्हणाला, यात अॅस्बेस्टॉस असू शकतं, आगीत न जळणारं, दगडी तंतूंचं. नुसतं बघून कोणालाच सांगता येत नाही. तुकडा ओला करून, पिशवीत बंद करून प्रयोगशाळेत पाठवायचा, आणि उत्तर येईपर्यंत आहेच असं समजून वागायचं. शाबूत आहे त्याला हात लावायचा नाही, झाकून ठेवायचं. घासायचं नाही, खरवडायचं नाही, झाडू तर नाहीच. याचे तंतू डोळ्यांनाही न दिसण्याइतके बारीक असतात, छातीत गेले की बाहेर येत नाहीत.

मी फाडकन म्हटलं, मिलांच्या धुळीत अख्खं गोरेगाव जगतं, कोण मेलं? तो रागावला नाही. त्याने एवढंच विचारलं, की खालचा मऊ थर कुठे टाकला.

भूमिकाने दाराबाहेरूनच बाजेकडे बोट दाखवलं.

१७ डिसेंबर
भुपेंद्रने मास्क लावून गोधडीवर पाणी मारलं, दोन पिशव्यांत घालून तोंडं बांधली. पोरीची दुपटी, भूमिकाच्या साड्या, माझं लुगडं, सगळं तसंच बांधलं. खोली बंद केली, दाराच्या फटींना चिकटपट्टी लावली. तो काम करत होता आणि मी परसात बसून दिवस मोजत होते. अकरा. रोज झटकली. रोज थोपटलं. माझ्या हाताच्या प्रत्येक थापेसरशी तिच्या नाकाशी —

२३ डिसेंबर
नागपूरहून उत्तर आलं. आहे. खालच्या मऊ थरात तर अर्ध्याहून जास्त. कुशलने कागदाची घडी घातली, उघडली, परत वाचला. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

२४ डिसेंबर
गोंदियाला मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. म्हणाले, आज कुठल्याच तपासणीत काही दिसणार नाही. दिवस थोडे होते, बहुतेक कधीच काही होणार नाही. मी विचारलं, नक्की ना? ते म्हणाले, नक्की असं नाही सांगता येत. झालंच तर फुफ्फुसाचं दुखणं, तेही वीस, तीस, चाळीस वर्षांनी.

मी एकोणसाठची आहे. मला कळणारसुद्धा नाही.

२७ डिसेंबर
पुढच्या खोलीत राहतो. ओल्या फडक्याने पुसते. परत पुसते. ऊन आलं की पडदा ओढते. तरी दिसतात. पोरीच्या पापणीवर, मुठीत, भूमिकाच्या केसांत. भूमिका म्हणते, बाई, तो कापूस आहे. असेल.

पोरगी शिंकली. मी म्हणायला गेले, शंभर —

३० डिसेंबर
बारसं झालं. सकाळी भूमिका जवळ येऊन, खाली बघत म्हणाली, निशाने नाव सांगितलं तर चालेल ना, बाई? निशा तिची बहीण. मी म्हटलं, चालेल.

दारात उभी होते. नाव ऐकू आलं. चांगलं आहे. माझं वेगळं होतं. ते आता तिला नको.

भूमिकाचं चुकलं नाही. मीही नसतं सांगू दिलं.

३१ डिसेंबर
उद्या सकाळच्या एसटीने जाते. कुशल राहा म्हणाला नाही.

पोरी, हे पान तुझ्यासाठी. मोठी झालीस की वाच. विडी-सिगारेटच्या वाटेला कधी जाऊ नको. धाप लागली, खोकला महिनाभर राहिला, तर डॉक्टरला सगळ्यात आधी हे सांग — तेराव्या दिवसापासून अकरा दिवस, गोरेगाव, अॅस्बेस्टॉस. विसरू नको. तुझे आईबाप सांगायचे नाहीत, माझं नाव राखायला गप्प बसतील. म्हणून मीच लिहून —

डॉक्टर विचारतील, एवढ्याशा पोरीखाली ते घातलं कोणी. सांग, आत्याने. आणि सांग, की तू भाजू नयेस म्हणून तिने —

नको. ते नको सांगू. नुसतं सांग, की तुझी आत्या —