वहिनीला न सापडलेला शिंपला

माय, आज प्रयोगशाळेत शिंपला उघडला आणि तू आठवलीस. प्रेमानं आठवलीस असं समजू नकोस. शिंपल्याची मादी आपली पिल्लं कल्ल्यांत वागवते. स्वच्छ पाण्याच्या टाकीतल्या माद्यांचे कल्ले खसखशीच्या पुडीसारखे गच्च भरलेले होते. दुसऱ्या टाकीत आम्ही मल्चिंगच्या, म्हणजे शेतात वाफ्यांवर अंथरायच्या काळ्या प्लास्टिक-कागदाचा चुरा मिसळला होता. तिथल्या पुष्कळशा रिकाम्या निघाल्या, पिल्लांच्या जागी काळे कण.

तुझं शेत आरशासारखं. बीटी कपाशी आली, तिच्यामागून बियाण्याच्या पिशव्या आल्या, फवारणीच्या बाटल्या आल्या, मग हा काळा कागद. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटल्या की तू त्याच्या चिंध्या वाकून वाकून वेचायचीस. ‘पिलास्टिक राह्यलं त जमीन वांझ होते,’ म्हणायचीस आणि सगळा ढीग नदीकाठी नेऊन टाकायचीस. पुरानं तो नेला की तुझ्या लेखी विषय संपला. गाव तुझं कौतुक करायचं आणि आपलाही ढीग तिथंच टाकायचं.

आपल्या घरात बाळाला घुटी शिंपल्यानं पाजायची, आणि तो शिंपला आईनं स्वतः नदीतून आणायचा. वहिनीला दिवस जाईपर्यंत थांबायची तुझी तयारी नव्हती. शिंपला आधी घरात आला की मूल मागून येतं, असं तू कुठून तरी काढलंस. दर उन्हाळ्यात तिला पैनगंगेच्या डोहात उतरवायचीस. पहिल्या वर्षी एक सापडला, तो लहान म्हणून तू फेकून दिलास. पुढं सापडेनातच. ती गुडघाभर गाळात चाचपडते आहे, काठावर आपण दोघी उभ्या, आणि तिच्या हाताला लागतात ती फाटक्या पिशव्यांची तोंडं. ती रिकाम्या हातानं वर आली तेव्हा चार बायकांदेखत तू म्हणालीस, “नदीनं तुले काऊन द्यावं वं? तुह्या कुशीत काही ठरत नाही, तुह्या पायानं डोहबी आटला.” वहिनी साडीचा चिखल धुवत बसली. त्याच महिन्यात तू तिला जानेफळला, तिच्या माहेरी पोचवून दिलंस. दादा मान खाली घालून बैलांना पाणी दाखवत राहिला.

नदीतले शिंपले आपल्याच कागदानं संपले, असं मी शपथेवर सांगणार नाही. नदीत औषधं होती, वाळूउपसा होता, कोरडी वर्षं होती. माझ्या टाकीत मी पाहिलं तेवढंच खरं मानते. पण त्या डोहात वांझ काय होतं आणि ते कुणी केलं, हे तुला समोर बसवून विचारायची माझी फार इच्छा आहे.

दादाचं दुसरं लग्न तू लावलंस. तिथंही पाळणा हलला नाही, आणि शेवटपर्यंत तू त्या दुसरीलाही तेच ऐकवलंस. दादाला तपासून घे म्हटलं तर माझ्या थोबाडीत मारलीस.

तुझ्या तेरवीला वहिनी आली होती. आता डोणगावात दिलेली आहे, नवऱ्याचं भाजीचं दुकान आहे. कडेवर मुलगी होती, नाकीडोळी हुबेहूब तिच्यासारखी. जेवणाऱ्या बायकांचे हात पानावरच थांबले. दादानं त्या पोरीकडे एकदा पाहिलं आणि उठून गोठ्यात गेला. वहिनी तुझ्या फोटोसमोर वाकली, पोरीलाही वाकायला लावलं.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून सांगते. तू गेलीस त्याचं मला एवढंच वाईट वाटतं, की ती पोर दारात यायच्या तेरा दिवस आधी गेलीस.