लेथ, पटाश्या आणि इव्हानचा दुखरा घोटा

मी, लिडिया प्रॉसर, कै. रीस प्रॉसर कातारी यांची मुलगी, वय सव्वीस, राहणार युटिका, न्यूयॉर्क राज्य, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट सगळे "असलं काही लिहू नकोस" म्हणून मागे लागले आहेत. परवा गुरुवारी डॉक्टर माझ्या पोटावर शस्त्रक्रिया करणार आहेत. ती नीट पार पडली, तर हा कागद चुलीत घालावा.

घर माझा थोरला भाऊ इव्हान याला द्यावे. छप्पर गळते. त्याला हे ठाऊक नाही, कारण उन्हाळाभर तो बेसबॉल खेळत गावोगाव असतो आणि हिवाळाभर त्याच्या गोष्टी सांगत गुत्त्यात.

वडिलांचे बायबल मॉर्फिड मावशीला द्यावे. त्यावरूनच वडिलांनी मला अक्षरे शिकवली. एकही ओळ गाळायची नाही, हा त्यांचा नियम. ती खोड राहिली, म्हणून पुढचे कलम लांबले आहे.

लाकूड कातायचा लेथ आणि पटाश्या वडिलांनी माझ्या नावे केल्या. गावच्या बेसबॉल क्लबच्या बॅटी मी त्यावर करते. इव्हानला तो लेथ विकून पश्चिमेकडच्या एखाद्या क्लबात जायचे आहे. तो पस्तीस वर्षांचा आहे. वेगवान चेंडू त्याला आता दिसत नाही, हे त्याच्याखेरीज साऱ्या गावाला दिसते.

आमच्या लीगमध्ये हंगामातल्या सर्वोत्तम सरासरीला चांदीच्या कड्याची बॅट मिळते. गेल्या शरदात इव्हान पहिला होता आणि त्याच क्लबचा गस हेर्टल केसभर मागे. शेवटच्या सामन्याला इव्हान "घोटा मुरगळला" म्हणून बाकावर बसला. जो फलंदाजीला जातच नाही, त्याची सरासरी उतरत नाही. त्याला बक्षीस मिळाले. क्लब सामना हरला आणि अजिंक्यपदही गेले. त्याच संध्याकाळी मावशीच्या मुलीच्या लग्नात हा फिडलच्या सुरावर नाचला.

गस दारातूनच म्हणाला, "घोट्याला फिडलचं औषध लागू पडलं वाटतं."

"दुसरा नंबर टोचतोय तुला," इव्हान म्हणाला.

तेव्हापासून दोघे बोलत नाहीत. एकाच क्लबात आहेत, आणि निरोप मी पोचवायचे. मला याचा वीट आला आहे.

ती चांदीची बॅट माझी नाही, म्हणून ती मी कोणाला देऊ शकत नाही. ती ज्या फळीवर मांडून ठेवली आहे, ती फळी मात्र माझी आहे. तिथून ती हलवावी.

लेथ इव्हानचा होईल, पण त्याने स्वतः कातलेली एक बॅट गस खऱ्या सामन्यात घेऊन उतरेल तेव्हाच. तोवर विक्री नाही, आणि लेथ ठेवलेल्या खोपटाची किल्ली गसकडे राहील. गेल्या आठवड्यात इव्हानला हे सांगितले.

"गसच्या मर्जीवर? तो जन्मभर नाही म्हणेल."

"चांगली बॅट गस नाकारत नाही, दादा. वाईट असली तर नाकारेल."

"पण लिडे, मला कातकाम कुठे येतं?"

"बाबा शिकवत होते तेव्हा तू मैदानावर होतास. आता शीक. गुरुवारपर्यंत मी आहे."

 दुसऱ्या दिवशी सकाळी तो खोपटात आला. तेव्हापासून रोज येतो आणि उत्तम अ‍ॅश लाकडाचे सरपण करतो. पटाशी अजून बॅटीसारखीच धरतो.

आज साक्षीदार म्हणून सर्वांत वर आपलेच नाव हवे, असा त्याने हट्ट धरला. ज्याला मिळायचे त्याने साक्ष करू नये, असे वकिलांनी बजावले आहे. मी म्हटले, "सही केलीस तर लेथ गेला, दादा." त्याने टाक खाली ठेवला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला.

साक्षीला आलेला गस टाक उचलता उचलता खिडकीतून त्याला म्हणाला, "आज घोटा नाही ना दुखत?"

"नाही. आज नुसताच बसलोय."

शरदानंतर दोघांचे हे पहिले बोलणे. निरोप मला न्यावा लागला नाही, एवढे येथे नोंदवते.

लिडिया प्रॉसर

साक्षीदार:
ऑगस्ट (गस) हेर्टल. बॅट पाहूनच ठरवीन.
रेव्ह. इलायस टेगन

युटिका, मंगळवार, ९ एप्रिल १८८९