‘बट’च्या आधीचा श्वास

१० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सूनबाईचं इंग्रजी पत्र आलं. पोरगा बोटीवर, म्हणून बाळंतपणाला माझ्याकडे येऊ का, विचारतेय. तिला मराठी येत नाही. माझी शाळा चौथीत सुटली, इंग्रजी पोराच्या पुस्तकातून उचललेलं. लॉन्ड्रीची मालकीण म्हणाली, मी लिहून देते. म्हटलं, माझ्या घरात कोण येणार ते मीच लिहीन.

कच्चं पत्र सोबत आहे. तू जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासलीस. कॉमे कुठे घालायचे ते सांग, लवकर.

डोक्यावर हात असू दे, उपदेश नको.

तुझी धाकटी

१५ मार्च

चि. मिरचीस,
अ. आ.

तुझं कच्चं पत्र वाचून धाप लागली. एवढं एका दमात तुझ्याशिवाय कुणी बोलत नाही.

हाक मारलीस की कॉमा. तीन-चार वस्तू ओळीने मांडल्यास की मधे कॉमा. ‘जेव्हा’ने सुरुवात केलीस, तर तेवढा तुकडा संपल्यावर. आणि दोन पुरी वाक्यं ‘बट’ने जोडलीस, तर ‘बट’च्या आधी. तुझ्या पत्रात तर ‘बट’च ‘बट’. ये, पण स्वयंपाकघरात लुडबुड नको. ये, पण उशिरा उठणं चालणार नाही. मी घालून देणार नाही, तूच घाल. प्रत्येक कॉमापाशी थांब, श्वास घे, मग पुढे जा.

तुझ्या शिव्यांची वाट पाहणारा,
दादा

२३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

शिव्या नंतर. इस्त्री करताना तुझे नियम घोकत होते. वाफेत डोळा लागल्यासारखं झालं. पांढऱ्या चादरीवर कॉमे उतरले, डोकं जड, पाय पोटाशी घेतलेले. इस्त्री जवळ नेली की हळूच कूस बदलायचे. सूनबाईने पाठवलेल्या सोनोग्राफीच्या फोटोत तेही अस्संच निजलंय.

दुपारी पेन्सिल घेऊन बसले. ‘घरी ये’ लिहिलं, कॉमा दिला, थांबले. दोरीवरच्या चादरी संथ हलत होत्या, घरात कुणी झोपलं असावं तशा. श्वास घेतला. पुढचा ‘बट’ काही हातातून उतरेना. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. शेवटी रबराने कॉमाची शेपटी पुसली, टिंब तेवढं ठेवलं.

पत्र टाकलं. त्यात एकच कॉमा आहे, हाक मारल्यानंतरचा.

पलंग खिडकीपासून लांब ओढलाय. सकाळचं ऊन डोळ्यांवर यायचं. झोपू दे तिला.

अशीच माया ठेव.

तुझी मिरची