करवलीची जागा

नंदाखाल,
१८ मे २०२५

ती. शांताकाकू व सौ. विनितावहिनीस सा. न.,
चि. दिशास अ. उ. आ.

उमेळ्याच्या आपल्या घरातल्या बायकांनो, तक्रार आपल्या सगळ्यांची एकच आहे. या घरातल्या एकीच्याही शिक्षणाआड गरिबी कधी आली नाही, दर वेळी कुणाचं तरी लग्न आलं. शांताकाकूंची मॅट्रिक दिराच्या हळदीत राहिली. वहिनी, तुझं बी.एड. धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या घाईत. माझं कुठे अडकलं ते आज सांगत नाही. फोनवर मी भाषण ठोकते म्हणता, म्हणून हे लिहून काशीरामच्या टेम्पोतून पाठवते आहे.

वहिनी, परवा तुझा तेजस स्वतःच्या लग्नाची पत्रिका द्यायला आला. जाता जाता म्हणाला, की दिशाला पुण्याच्या कॉलेजातून एम.एस्सी.च्या मुलाखतीचं बोलावणं आलंय, पण नेमकं पाच जूनला, लग्नाच्याच सकाळी; म्हणून घराने ठरवलंय की ती जाणार नाही. घराने म्हणजे कोणी? भिंतींनी?

अगं, विहिरी खाऱ्या झाल्या, पानवेली सुकल्या, म्हणून मी गावोगाव ओरडत फिरले. ही पोर मात्र खारं पाणी सोसणारी वेल शोधत परसात कुंड्या मांडून बसली. माझ्या भाषणांनी एक पान हिरवं झालं नाही. तिच्या कुंडीत झालं. तिला अडवायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

तुमचा लोभ आहेच, उत्तरही असावं.

सरोजिनी

उमेळे,
२१ मे २०२५

ती. सरूताईंस शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. काकूंनी ते दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाल्या, की सरूचं अक्षरसुद्धा ओरडतं. ह्यांनी नारळ सोलायला घेतले.

ताई, अडचण हट्टाची नाही, करवलीची आहे. नवऱ्यामागे पाण्याने भरलेला करा घेऊन उभी राहणारी घरातलीच हवी, लग्न न झालेली हवी. आणि तेजसची बहीण ही एकच. चुलत बहीण गेल्याच वर्षी सासरी गेली. काकू म्हणतात, करवली नसली की मांडवात नवरा पोरका दिसतो. दिशाने कॉलेजकडे तारीख बदलून मागितली होती. ते म्हणाले, नाही आलीस तर जागा पुढच्याला.

ती म्हणते, दादाचं लग्न एकदाच होणार. तोंडाने हसते, पण त्या दिवसापासून कुंड्यांकडे फिरकलेली नाही. पाणी मी घालते.

तुम्ही आमच्या लग्नात किती शोभला होतात! जांभळी साडी, हातात करा, पापणी न हलवता उभ्या. मला वाटलं, नणंद कडक मिळाली.

चार दिवस आधीच या. रागावलात तरी माया तेवढी पातळ होऊ देऊ नका.

विनिता

नंदाखाल,
२४ मे २०२५

सौ. विनितावहिनीस सा. न. वि. वि.

कडक नव्हते गं. त्या सकाळी माझा एम.ए.चा शेवटचा पेपर होता. कुणी विचारलं नाही, मी बोलले नाही. त्या पेपरच्या बदल्यात तू घरात आलीस, म्हणून तो दिवस मी कधी वाईट म्हटला नाही. पण करा फार जड होता. तो दिशाच्या हातात नको.

आता काकूंना सांग. करवली घरातली हवी, तर मी त्याच घरात जन्मले. लग्न न झालेली हवी, तर चोपन्न वर्षांत माझं झालेलं नाही. बहिणीच्या जागी आत्या का चालत नाही, ते त्यांनी माझ्या तोंडावर सांगावं. पाहुणे हसले तर हसू देत, सभांमधून मी चपला झेलल्या आहेत. जांभळी साडी अजून पेटीत आहे. ब्लाउज तेवढा होत नाही, तो शिवायला टाकलाय.

तुमच्या शेजारच्या क्लेटनशीही बोलले. पहाटे गाडी काढतो म्हणाला, रात्रीच्या पंगतीला दिशा परत.

दिशा, मी उभं राहून बोलत आले; तू मातीत वाकून शोधतेस. तुझं काम मोठं आहे. जा, आणि त्यांना कुंडीतलं ते पान दाखव.

वहिनी, तुझ्याकडे मागणं एकच. पाच जूनला पहाटे, दिशा गाडीत बसायच्या आधी, तिच्या देखत तुळशीपुढचा करा तू स्वतःच्या हाताने उचल आणि माझ्या हातात दे.

तुझी कडक नणंद,
सरू