उपासाचा डबा

प्रिय केशर,

सहलीतली तुझी खरेदी माझ्याच पिशवीत राहिली होती. काजूची पाकिटं, आंबापोळी आणि सुनेसाठी घेतलेली ती शिंपल्यांची माळ. सगळं दूधगाडीवाल्याबरोबर पाठवलं आहे, नीट बघून घे. आंबापोळीचं एक पाकीट फुटलंय. ते मी नाही फोडलं बाई, गाडीत तूच त्याच्यावर पाय ठेवून बसली होतीस. नंतर आळ नको म्हणून आधीच लिहिते. दूध संघाची चेअरमनकी एका मतानं गेली, तुझं दुःख आधीच डोंगराएवढं, त्यात आणि आंबापोळीची भर कशाला.

एरवी ही खरेदी द्यायला मी स्वतः तुझ्या दारात आले असते, चार गोष्टी बोलत बसले असते. आता येणार नाही. बोलायला गेले की शेवटी मीच तुझी समजूत काढत बसते आणि तुला वाटतं सिंधू विरघळली. कागदावर मी विरघळत नाही.

तुझ्या पिशवीचं मला कायम कौतुक वाटायचं. संघाच्या कामाला आपण दोघी कुठं कुठं हिंडलो, जनावरांच्या दवापाण्याचं प्रशिक्षण झालं, कोल्हापूरकडचा अभ्यास दौरा झाला, आणि दर वेळी तुझ्या खांद्याला ती एक चपटी निळी बॅग, चेन गच्च लावलेली. एसटीत चढल्या चढल्या तू साऱ्या बायांना ऐकू जाईल असं म्हणायचीस, "म्या काय आणत न्हाई बाई, सिंधूच्या पिशवीत सगळं असतंय." मला लई बरं वाटायचं. पाटलाघरची सून ओव्हाळाच्या सिंधूच्या जीवावर गाव सोडते, याचा मला गर्व होता गर्व. म्हणून मी पिशवी जोडीनं भरायची. दोन टॉवेल, दोन कंगवे, दोन साबण, मिश्रीच्या दोन डब्या. लुगडी घडी न करता परकरात गुंडाळून तळाला, तेलाच्या बाटलीच्या बुचाखाली प्लास्टिक, चपला वर्तमानपत्रात. आमचे हे म्हणायचे, "दुसरी बायकू करून आणली का म्या? दोन दोन कंगवे कावून?" मी म्हणायची, तुम्हाला नाही कळायचं, आमच्या केशरला काही भरायची सवयच नाही.

आणि सगळ्यात वर दोन डबे. एक माझा, त्यात धपाटे आणि ठेचा. दुसरा तुझा, उपासाचा. कारण केशरबाई प्रवासाला निघाल्या की त्यांना उपास ठरलेला. कधी चतुर्थी, कधी एकादशी, कधी गुरुवार, कधी संतोषी मातेचा शुक्रवार, आणि यातलं काहीच नसलं तर "नवस बोललाय". पहिल्या खेपेला मी तुला धपाटा पुढं केला तेव्हा तू कानाला हात लावून म्हणालीस, "आज न्हाई गं, उपास हाय." बिचारी दिवसभर उपाशी राहिली म्हणून मी घरी येऊन हळहळले. त्यानंतर बॅग भरायच्या आधी मी भिंतीवरच्या कॅलेंडरात तुझी चतुर्थी बघायला लागले. हसू नकोस. आमच्या घरातले उपास-तापास आजेसासऱ्यांनी छप्पन साली सोडले, धम्म घेतला तेव्हाच. आमच्या घरात चतुर्थी कधी येते नि कधी जाते कुणाला पत्ता नसतो. अशा घरात मी चुलीपुढं बसून राजगिऱ्याचे लाडू वळायची. त्या दिवशी कांद्याचा हातसुद्धा डब्याला लावायची नाही, तुझा उपास मोडेल म्हणून. सासूबाई एकदा म्हणाल्या, "माज्या सासऱ्यानं सोडलं ते तू दुसऱ्यासाठी धरलंस व्हय?" मी त्यांच्यावरच तडकले.

तू ते लाडू माझ्यासमोर कधी खाल्ले नाहीस. "पोरांसाठी ठिवते, त्यांना लई आवडत्यात," म्हणून निळ्या बॅगेत टाकायचीस. केळं तेवढं माझ्यासमोर सोलून खायचीस. सालीच्या आत माझा हात पोचलेला नसायचा ना. हे आता कळतं. तेव्हा मी आपली खूश, पोरांना आवडले म्हणून पुढच्या खेपेला चार जास्त करायची. माझ्यासारखी येडी अख्ख्या शिरूर तालुक्यात दुसरी नसेल.

यंदाचं तर सांगायलाच नको. सलग दुसरं वर्ष पाऊस नाही, गावात टँकर आला तर आला, कडब्याची पेंढी डोळ्याला दिसेना. निम्मी वस्ती कोयते घेऊन ऊसतोडीला गेली, मागं राहिलेल्यांची जनावरं हाडांवर आली. संघ जनावरांची छावणी काढणार होता आणि ती कुठं बसवायची हे नवी चेअरमन ठरवणार होती. तू झालीस तर आपल्या गावात, समोरच्या पॅनलची मालनबाई झाली तर तिच्या गावाला, म्हणजे आमच्या वस्तीपासून अर्ध्या दिवसाची पायपीट. म्हणून आम्ही सगळ्या तुझ्या मागं. चेअरमन आम्हा संचालिकांनीच निवडायची, आणि तुझं पॅनल एका जास्तीच्या संचालिकेवर उभं होतं, कुणी फुटू नये म्हणून तुझ्या दिरानं, आप्पारावांनी, आम्हा सगळ्यांना गाडीत घालून कोकणात सहलीला नेलं. मतदानाच्या दिवशी थेट संघाच्या दारात उतरवायचं असं ठरलं. मी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पाण्यावाचून जीभ कोरडी पडलेल्या बायांना एवढं पाणी दाखवायचं आणि तेही पिता येऊ नये, सहकारातली सहल म्हणजे अशीच असते म्हणायची. मोबाइल काढून घेतले, फाटकाला कुलूप, आणि तू मला तुझ्याच खोलीत ठेवून घेतलंस. त्या दिवशीसुद्धा मी मनात म्हटलं, माणूस असावं तर असं.

मग तो पिशव्यांचा तमाशा झाला. आप्पारावांना कुणी तरी कळवलं की आपल्याच पॅनलच्या रहेमतबीनं मोबाइल लपवून आणलाय, तिचा भाऊ ख्वाजा मालनबाईच्या गावच्या बाजारात फळं विकतो म्हणून ती आतून तिकडची आहे. आप्पारावांनी, परक्या पुरुषानं, त्या बाईची पिशवी सगळ्यांदेखत पलंगावर उपडी केली. तिचे कपडे, तिची नमाजाची चटई, दम्याची औषधं. मोबाइल निघाला नाही. रहेमतबीनं डोळ्यात पाणी येऊ दिलं नाही. "माजीच पिशवी कावून? सगळ्याच्या खोला की," म्हणाली. कुणी हालेना. तेव्हा मीच पुढं झाले. तुझ्यावर बालंट नको, तुझं नाव स्वच्छ निघावं म्हणून. "केशरच्या बॅगेत काय असणार, तिचं सगळं तर माझ्या पिशवीत असतंय," असं हसत हसत म्हणून मी तुझ्या निळ्या बॅगेची चेन ओढली आणि ती उलटी केली. तू न्हाणीघरात होतीस.

काय काय पडलं त्यातून! फडक्यात बांधलेले धपाटे, त्यातले निम्मे खाल्लेले. कांदा-लसणाची चटणी. रव्याचे लाडू. तुझा स्वतःचा स्टीलचा पेला, स्वतःचा टॉवेल, स्वतःचा कंगवा. केशर, त्या दिवशी चतुर्थी होती. सकाळीच तू माझ्याकडून उपासाचा डबा घेतला होतास. तू केस पुसत बाहेर आलीस, तर बाया खिदळायला लागल्या, "अगं, उपास न्हवं का तुजा?" तुझं तोंड पडलं. आणि मी काय केलं? मी तुझी बाजू घेतली. पित्त उसळलं असेल, प्रवासात चालतं, देव काही बघत बसत नाही, असं म्हणत सगळं पुन्हा बॅगेत भरलं. वरून कीर्तन, आतून तमाशा ही म्हण मला तेव्हाही आठवली नाही.

ती आठवली दुपारी. मी मागच्या गॅलरीत आपल्या दोघींची लुगडी वाळत घालत होते, तुझंही मीच पिळून आणलं होतं. खाली ओट्यावर तू आणि आप्पाराव. त्यांनी विचारलं, "ती ओव्हाळाची टिकंल का?" तू म्हणालीस, "सिंधू कुटं जातीय? तिला माजा लई लळा हाय." ते हसून म्हणाले, "मग तिच्या डब्यातलं खात जा की, अजून पक्की व्हईल." त्यावर तूही हसलीस. तुझं ते हसणं मी ओळखते, तोंडावर पदर धरून हसतेस ते. आणि म्हणालीस, "टावेल-कंगवा धुऊन घेता येतंय आप्पा, पोटात गेलेलं कसं धुवावं?"

माझ्या हातातला तुझ्या लुगड्याचा पिळा तसाच राहिला. मला राग आला असं म्हणू का? राग नंतर आला. आधी लाज वाटली, माझी मलाच. एवढ्या वर्षांचे ते लाडू कुठं गेले असतील याचा हिशेब मनात उभा राहिला. गाडीच्या खिडकीतून? गोठ्यात? तुझ्या पोरांनी ते कधी पाहिलेसुद्धा नसतील. मला लई लागलं गं. गावातल्या दुसऱ्या कुणी केलं असतं तर थुंकून पुढं गेले असते, असल्यांना आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो. तू तोंडावर म्हणाली असतीस, की सिंधू, माझ्या घरात चालत नाही, तर मी भांडले असते, चार महिने बोलले नसते, पण तुला माणूस तरी समजले असते. तू देवाला मधे घातलंस. माझ्याच हातानं तुझ्या खोट्या उपासाचा डबा भरून घेतलास, आणि मी तो मायेनं भरला.

तुझं लुगडं मी वाळत घातलं, टाकून दिलं नाही. संध्याकाळी तुझ्या उशाखाली तो उपासाचा डबा सापडला, बांधलेला तसाच. मी तो घेऊन रहेमतबीच्या खोलीत गेले. तिनं डबा उघडला, दोन लाडू उभ्या उभ्या खाल्ले, बोटं चाटली आणि विचारलं, "और हाय का?" तेव्हा मात्र मला रडू आलं. तुला रात्री मी टॉवेल दिला, मिश्री दिली, सकाळी कंगवा दिला. तुला काही कळलं नाही. तुला कळावं असं मीच काही केलं नाही.

पुढचं तुला ठाऊक आहे. संघाच्या दारात गाडी थांबली, चिठ्ठ्या पेटीत पडल्या आणि मालनबाई एका मतानं चेअरमन झाली. तू भोवळ येऊन खुर्चीत बसलीस, तुला पदरानं वारा मीच घातला. आता छावणी तिच्या गावाला बसणार. माझ्या दोन गाई रोज एवढं चालणार नाहीत, आमच्यापैकी एकाला तिथंच मुक्काम करावा लागेल. छावणी गेली म्हणून हे चिडलेत, सासूबाई चिडल्यात, वस्तीतल्या बाया तोंडात येईल ते बोलतात. मालनबाई काही मोठी साध्वी नाही, तिच्या घरातही आमचा पेला वेगळाच असेल, मला सगळं कळतं. नुकसान माझंच जास्त झालं, तेही कळतं. तरी मला रात्री झोप चांगली लागते. एवढी गाढ तर लग्नाआधी माहेरी लागायची.

आता पत्र कावून लिहिलं ते ऐक. काल तुझ्या माणसांनी रहेमतबीचं दूध पाणी घातलंय म्हणून परत पाठवलं. परवा आप्पारावांनी तिच्या दारात उभं राहून तिच्या म्हाताऱ्या सासऱ्याला, मैनुद्दीनचाचाला, शिव्या दिल्या. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, रहेमतबी फुटली, त्यांचा काय भरवसा. आणि माझ्या दारात काल तू लिंबाचं लोणचं पाठवलंस, सिंधूनं साथ दिली म्हणून. केशर, मत फुटलं ते माझं. चिठ्ठीवर मालनबाईचं नाव मी लिहिलं, सावकाश, काना-मात्रा बघून. रहेमतबीनं तुलाच दिलं, कारण तिनं तुला शब्द दिला होता, पिशवी उपडी केली तरी तिनं तो पाळला. गुप्त मतदान होतं, मी मुकाट बसले असते तर जन्मभर तुला कळलं नसतं, तुझं लोणचं येत राहिलं असतं. पण चोरून घेतलेला सूड माझ्या काय कामाचा? दुसऱ्याच्या अंगावर गेलेला तर मुळीच नको. तेव्हा आप्पारावांना सांग, रहेमतबीच्या दारातून निघा आणि माझ्या दारात या, मी उंबऱ्यातच बसलेय. गावानं विचारलं कोण फुटलं, तर माझं नाव घे. नुसतं सिंधू म्हणू नकोस, पुरतं घे, आडनावासकट.

तुझीच,
सिंधुबाई जालिंदर ओव्हाळ