वहीतला आकडा, तोंडातला आकडा

२ डिसेंबर. दुपार.
डॉक्टर म्हणाला, आजी, पायाचं दुखणं रोज लिहून ठेवा. आकडा घालायचा. काहीच नाही तर शून्य, जीव नकोसा झाला तर दहा. मी म्हटलं, माझी शाळा चौथीत सुटली. म्हणाला, दहापर्यंत येतात ना आकडे? आगाऊ आहे.
वही नातीची. अर्ध्या वहीत पानांची चित्रं, म्हणजे झाडाच्या पानांची. कॉलेजात तिला तेच शिकवतात. उरलेली कोरी पानं माझी.
आणखी पुष्कळ बोलला. साखर वाढलीय, गोड बंद. रोज आरसा धरून तळवे बघा. पायांना शेक देऊ नका, गरम पाण्याची पिशवी तर मुळीच नको. या थंडीत शेक नको तर काय बर्फ बांधू? आणि तळवे आरशात बघायचे! तोंड बघायला वेळ मिळत नाही इथे.
याचे पांढरे कोट आमच्याच लॉन्ड्रीत येतात. दर आठवड्याला खिशात चॉकलेटचे कागद. हा मला गोड बंद करणार.
आकडा : आठ. तळव्यांची आग, बोटांत सुया.

३ डिसेंबर.
मी डोळे मिटून पडले होते. झोपलेय असं समजून चिरंजीव बायकोशी बोलत होता. म्हणे, आईच्यानं आता इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहवत नाही. महिनाअखेरपर्यंत बघू, नाहीतर तिला बसवू आणि पोरीला उभं करू. कॉलेजचं पुढे बघता येईल. सूनबाई म्हणाली, तात्पुरतंच ना.
मलाही तात्पुरतंच उभं केलं होतं या टेबलाशी. सासऱ्यांची कंबर धरली म्हणून. त्याला एकेचाळीस वर्षं झाली. सासरे गेले, त्यांची कंबर गेली, टेबल आहे तिथेच.
तेव्हा ठरवलं. कोणीही विचारलं की आकडा दोन सांगायचा. खरा आकडा फक्त या वहीत. आणि महिना संपायच्या आत दोन्ही आकडे एक करून दाखवायचे. कण्हायचं नाही. अगदीच राहवलं नाही तर इस्त्रीची वाफ फुसफुसत असताना कण्हायचं.
आकडा : वहीत आठ, तोंडात दोन.

६ डिसेंबर.
थंडी अशी की दोरीवरच्या चादरी लाकडासारख्या ताठ. फरशी पायांतून वर चढते. दिवसभरात एकोणीस जाड कोट केले. वाफ भरपूर वापरली.
संध्याकाळी नात दुकानात आली. तिला डाग शिकवले. डाग बघून मी माणसाचा अख्खा दिवस सांगते. चहाचा डाग कडेला गडद असतो. गंजाचा भगवा. रक्ताचा आधी तांबडा, मग तपकिरी. रक्ताला गारच पाणी, कढत पाण्यात घातलं की जन्माचा बसला. दुसऱ्या कापडाचा रंग लागला असेल तर मात्र कढत पाण्यात उतरतो. मी म्हटलं, लिहून घे, परीक्षेत येणार नाही पण जन्माला पुरेल. म्हणाली, आजी, तू माझी मॅडम हो. मी म्हटलं, तुझ्या मॅडमला बसायला खुर्ची असते.
या पोरीला टेबलाशी उभं करणार म्हणे. हिचे हात पेन्सिलीचे आहेत.
आकडा : नऊ. सुनेला दोन सांगितला. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दुकानातून काहीतरी चोरलंय.

९ डिसेंबर. सकाळ.
समोरची पडदेवाली आली. ही दिवसभर पडद्याआडून गल्ली बघते, म्हणून पडदेवाली. मी लंगडताना दिसले म्हणे. मी म्हटलं, चप्पल सैल आहे. तिला पटलं नाही, पण गरम पाण्याची पिशवी देऊन गेली. बाई चोंबडी, पण पिशवी जाड रबराची आहे. जाताना सांगून गेली, टॉवेलात गुंडाळूनच घ्या हं.
टॉवेलात कशाला? टॉवेलाला कुठे दुखतंय?
पिशवी पलंगाखाली लपवली. घरात सांगायचं नाही. डॉक्टरला तर नाहीच.
आकडा : आठ.

१३ डिसेंबर.
पिशवीचा गुण आहे. रोज दोन वेळा उकळतं पाणी भरते, पाय वर ठेवते. आधी चांगलं चटकायचं, आता चटकत नाही. पायांना सवय झाली. सवय लावली की माणसाचं काहीही ऐकतं, सून सोडून.
चहात बिस्कीट बुडवलं. एकच. दुसरं आपोआप बुडालं.
आकडा : सहा.

१५ डिसेंबर.
चार! एकदम चार. सुया बंद. आगही नाही. फक्त पाय थोडे जड, लोकर भरल्यासारखे. जड असेनात, आपल्याला काय धावायचंय.
डॉक्टरचा कोट आला. खिशात तीन कागद. इस्त्री करताना मनात म्हटलं, तुझं औषध नाही, तुझा आरसा नाही, आणि बघ.

१८ डिसेंबर. संध्याकाळ.
आजची तारीख लक्षात ठेवण्यासारखी. वहीत दोन, तोंडात दोन. सुनेनं विचारलं, आई, खरंच दोन का? मी म्हटलं, खरंच दोन. आणि खरंच खरंच होतं. किती दिवसांनी या घरात खरं बोलले.
चिरंजीवालाही ऐकवलं. म्हटलं, टेबल माझं आहे. पोरीच्या पुस्तकाला हात लावलास तर इस्त्री तापलेलीच असते हे लक्षात ठेव. तो हसला. म्हणाला, आई, तुझे पाय बरे झाले तर मला काय वाईट वाटणार आहे? वाटणार नाही हे मला माहीत आहे. पण ऐकवावं लागतं.

१९ डिसेंबर.
गंमत झाली. दुकानातून घरी आले, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. दारात नात ओरडली, आजी, तुझी एक चप्पल कुठे आहे? बघते तर डावा पाय नुसत्या मोज्यात. चप्पल दुकानातच टेबलाखाली राहिली होती. एवढी सगळी गल्ली, त्यात जागोजागी खडी टाकलेली, वर ही थंडी, आणि मला गार लागलं नाही, टोचलं नाही.
पूर्वी खडा लागला तर दहा मिनिटं शिव्या देत बसायचे. आता पाय कसे दगडासारखे झालेत. पडदेवालीला पिशवी परत देणार नाही. मागितली तर फुटली म्हणून सांगेन.
नात म्हणाली, आजी, पाय बघू तुझा. मी म्हटलं, तू तुझी पानं बघ.
आकडा : एक.

२२ डिसेंबर.
शून्य.
मोठा काढला. बांगडीएवढा.
वीस कोट, बारा पँटी, हॉटेलचे लाल पडदे. उभी राहून. एकदाही बसले नाही. सूनबाई म्हणाली, आई, जरा टेका. मी म्हटलं, तूच टेक, तुझंच वय झालंय.
महिना संपायला नऊ दिवस असताना काम फत्ते. पोरगी कॉलेजात, मी टेबलाशी.

२४ डिसेंबर.
डाव्या मोज्यावर तांबडा डाग. बोटांच्या बाजूला. हॉटेलचे पडदे त्या दिवशी ओलेच टेबलाखाली पडले होते, त्यांचा रंग लागला असणार. हलकं कापड. हॉटेलवाल्याला ऐकवायला हवं.
मोजा कढत पाण्यात टाकला. उतरेल.
आकडा : शून्य.

२५ डिसेंबर.
उतरला नाही. तपकिरी होऊन घट्ट बसला.
पडद्याचा रंग असता तर उतरायला हवा होता.
आज काम फार आहे. विचार करायला वेळ नाही. मोजा चुलीत टाकला, दुसरे घातले. काळे.
आकडा : शून्यच.

२७ डिसेंबर.
दुकानात वास येतोय. गटार तुंबलंय. चिरंजीवानं गटार उघडून बघितलं, म्हणाला साफ आहे. मग स्टार्च आंबला असेल. सुनेनं स्टार्चचं पातेलं ओतून टाकलं, नवं केलं. तरी वास. सूनबाई नाकाला पदर लावून कोपऱ्याकोपऱ्यात फिरली. माझ्याजवळ आली की थांबायची. मी म्हटलं, माझ्याकडे काय बघतेस, मी रोज अंघोळ करते.
अंगात जरा कसकस. थंडीनं असेल. बिस्कीट खाल्लं नाही, म्हणजे खरंच बरं नसेल.
आकडा : शून्य. पण आज शून्य लिहिताना हात हलला, नीट आला नाही. वाटाण्यासारखा झाला.

२८ डिसेंबर. सकाळी.
थंडी भरून आली. दात वाजताहेत. उठून टेबलाशी जाणार आहे. वही मोज्यांखाली

३ जानेवारी. हॉस्पिटल.
नातीनं वही आणून दिली. मीच मागितली. इथे दुसरं करायला काही नाही. चादरीला बघून बघून कंटाळा आला. इस्त्री वाईट आहे, घडीवर घडी नाही.
झालं ते असं. त्या दिवशी टेबलाशी पोचले. इस्त्री उचलली आणि खाली बसले. बसले म्हणजे पडले. सुनेनं मोजे काढले. डावा मोजा निघेना, पायाला चिकटला होता. पाणी लावून सोडवला. मग ती गप्प बसली. लग्नाला बावीस वर्षं झाली तिच्या, पहिल्यांदा गप्प बसली. मी म्हटलं, काय आहे? म्हणाली, आई, तुम्हाला हे दुखत नव्हतं? मी म्हटलं, नाही. अभिमानानं म्हटलं.
ती रडली. मला आवडत नाही कोणी रडलेलं. तिचं रडणं तर खडे पडल्यासारखं असतं. तरी तिचा हात सोडला नाही मी. ताप होता म्हणून.
तळव्याला पिशवीचे फोड आले होते. त्यातले फुटले. त्यात खडी रुतली. सगळं आतल्या आत. डॉक्टरनं वही वाचली. झाडाची पानं उलटत उलटत आला आणि त्या मोठ्या शून्याशी थांबला. म्हणाला, आजी, हे दुखणं गेलं नव्हतं. पायाची जाणीव गेली होती. या दिवशी तुम्ही यायला हवं होतं.
मी म्हटलं, शून्याला कोण येतं दवाखान्यात?

डाव्या पायाची दोन बोटं काढली. करंगळी आणि तिच्या शेजारचं. उरलेली वाचली म्हणे. डॉक्टरच्या कोटाची कॉलर चुरगळलेली होती. मी टेबलाशी नसले की असं होतं.

११ जानेवारी. घरी.
आता दुकानात खुर्चीवर बसते, पाय स्टुलावर. शर्टांची बटणं लावते. रोज आरसा धरून तळवे बघते. म्हणजे नात आरसा धरते. तळवा आरशात कोणा दुसऱ्याचा वाटतो, जुन्या पिशवीसारखा. पडदेवाली आली होती. रडली. मी तिची पिशवी परत दिली. तिनं ती आमच्यासमोरच कात्रीनं कापली. जाड रबर होतं, वेळ लागला.
चॉकलेटचा कागद नव्हता या वेळी डॉक्टरच्या खिशात. घाबरला असेल.

१९ जानेवारी. संध्याकाळ.
करंगळी दुखते. जी नाही तीच. जिवंत असताना शेवटचे पंधरा दिवस गप्प होती, आता नुसती ठणकते. डॉक्टर म्हणाला, असं होतं कधी कधी, मेंदूला अजून कळलेलं नाही. माझ्या मेंदूला सगळं उशिरा कळतं.
आकडा : सात. कुठल्या बोटापुढे लिहू कळत नाही.
नातीचा टेबलाशी आज सतरावा दिवस. मी दुकानात परत आले त्या दिवशी तिनं एका शर्टाची कॉलर जाळली, मी सगळ्यांसमोर तिला झापलं. आता जाळत नाही. मनगट माझ्यासारखं वळवायला लागली आहे. ते बघवत नाही. कॉलेजातून निरोप आला, अजून आठ दिवस आली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही. मी चिरंजीवाला म्हटलं, बाहेरची बाई ठेव. तो म्हणाला, बघतोय, मिळत नाही. आणि आई, हे तात्पुरतंच आहे.
 त्याला ऐकवायला इस्त्री हातात लागते.
दुकान बंद करायच्या वेळी पोरीनं इस्त्रीची पिन काढली. जरा वाकली, पोटरी दाबली. मी विचारलं, काय गं, पाय दुखतात? म्हणाली, थोडेसे. मी म्हटलं, आकडा सांग.
हसून म्हणाली, असेल दोन.
मी म्हटलं, मोजे काढ.