उसाच्या गाडीमागे जीप

सोलापूर, ७ जानेवारी १९७५

क्लच आणि गिअरची आकृती मी डोळे मिटून काढू शकते. तरी आज मंद्रूपच्या रस्त्यावर उसाच्या एका बैलगाडीमागे जीप नुसती रांगत ठेवली. शेजारी आमच्या पाटबंधारे ऑफिसचे ड्रायव्हर रसूलचाचा. त्यांचा हात सतत हँडब्रेकवर. काळजी माझी की जीपची?

गाडीवानाने पुढे जा म्हणून हात केला. मी गेले नाही. शेवटी तो वळून ओरडला, "ओ बाई, जीप हाय का तिसरा बैल? जावा की फुडं!"

चाचा हसले. "जाव बेटी, रस्ता खाली है."

रस्ता मोकळा आहे हे मलाही दिसत होतं. मग ॲक्सिलरेटरवरचा पाय का दाबला गेला नाही? चाचांचा हात तिथे नसता तर गेले असते? माहीत नाही. गाडीवानच बैलांना पाणी पाजायला ओढ्याकडे वळला, तेव्हा सुटले.

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, "जीप जमते ना? नाहीतर मंद्रूपच्या कालव्याचं काम कुलकर्ण्यांना देतो." मी "जमते" म्हणाले. चाचा तिथेच उभे होते, त्यांनी जीपची किल्ली माझ्यापुढे ठेवली.

सोमवारी एकटीने जायचं आहे. कारखान्याचं गाळप जोरात आहे. रस्ताभर उसाच्या गाड्या असणार.